सह्याद्रीत वाट चुकली तर? (नकाशा, होकायंत्र, फोन यातलं काहीच नसताना)

सावनी_ठाणे | रविवार, २१:४०

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आमचा कंपू राजगड-तोरणा करायचं म्हणतोय. त्या निमित्ताने एका उत्साही सहकाऱ्याने ग्रुपवर 'जंगलात हरवलात तर काय कराल' छापाच्या व्हिडिओंचा रतीब लावलाय. सगळे परदेशी, सगळे सूचिपर्णी जंगलातले. सार असं की झाडाच्या उत्तर बाजूला शेवाळं असतं, तासकाटा सूर्याकडे धरून दक्षिण काढता येते, आणि ओढा सापडला की त्याच्या काठाने खाली चालत राहायचं, वस्ती लागतेच.

यातलं आपल्या डोंगरात किती चालतं? 'फोन आहे की' हे उत्तर कृपया नको. फोन पडतो, भिजतो, थंडीत बॅटरी बसते. हातात काहीच नाही असं धरून सांगा.

---

खेकडाभजी | रविवार, २१:५२

सोप्पंय. गुटख्याच्या रिकाम्या पुड्या बघत जायचं. जिथवर पुड्या तिथवर वाट.

---

घाटवाट्या | रविवार, २३:१५

खेकडोबा, थट्टा म्हणून लिहिलंत पण त्यात तथ्य आहे. त्यावर नंतर येतो.

शेवाळं आधी निकालात काढू. पावसाळ्यात आपल्याकडे टपरीच्या बाकड्यालाही चारी बाजूंनी शेवाळं धरतं आणि मार्चपर्यंत सगळं वाळून जातं. दिशेच्या कामाचं नाही.

ओढ्याचा सल्ला मात्र हसून सोडण्यासारखा नाही. तो आपल्या डोंगरात जिवावर बेतू शकतो. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून तयार झालाय, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्यामुळे उतार सलग नसतो. कडा, मग पदर (म्हणजे सपाटीचा टप्पा), पुन्हा कडा, पुन्हा पदर. ओढा पदरावरून गुमान वाहतो आणि कड्यावरून उडी घेतो. ओढा धरून उतरणारा पहिला कातळटप्पा बसून, घसरून पार करतो. दुसरा जरा मोठा, तोही झाडाच्या मुळ्या धरून जमतो. तिसऱ्या ठिकाणी तो शंभर-दोनशे फुटांच्या कोरड्या धबधब्याच्या डोक्यावर येतो. मागे वळला तर मघाशी ज्यावरून घसरत आला तो कातळ आता चढवत नाही. खाली जाता येत नाही, वरही जाता येत नाही. कोकणात उतरणाऱ्या पश्चिम बाजूला तर हे हमखास.

कोणी म्हणेल, नळीची वाट काय, बोराट्याची नाळ काय, या नेहमीच्या घाटवाटा, त्याही घळीच ना? हो, पण त्या पिढ्यान्‌पिढ्या पावलांनी पारखलेल्या घळी आहेत. शेजारची तशीच दिसणारी घळ म्हणजे वाट नव्हे.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे दिशा फारशी चुकत नाही. घाटमाथ्यावर असाल तर कडा तुटलाय ती बाजू कोकणाची, म्हणजे पश्चिम. पठार आणि शेतं दिसतात तो देश, म्हणजे पूर्व. चुकते ती सोंड. डोंगराच्या सोंडा पालथ्या पंजाच्या बोटांसारख्या असतात. खालून कुठल्याही बोटावरून चढा, मनगटाशीच पोचाल. वरून उतरताना मात्र प्रत्येक फाट्यावर निवड करावी लागते आणि दोन सोंडांच्या मधे दरी असते. म्हणून चढताना वाट चुकणं अवघड आणि उतरताना फार सोपं. मैदानी मुलखात ओढ्याचा सल्ला चालतो, कारण पाणी उलट वागतं, खाली जाऊन एकत्र येतं. आपल्या घाटात ते एकत्र येण्याआधी कड्यावरून पडतं, एवढीच अडचण.

तेव्हा चुकलोय असं वाटलं की वर. शेवटची खात्रीची जागा आठवा आणि तिथवर परत चढा. पाय दुखतात, सगळे कुरकुरतात, 'एवढं उतरलोय तर आता उतरूच' असं एकजण तरी म्हणतोच. त्याचं ऐकायचं नाही.

---

चांदणचुरा | सोमवार, ००:३१

घाटवाट्या, उत्तम प्रतिसाद. घड्याळाबद्दल मी लिहिते, तो माझा प्रांत.

तासकाटा सूर्याकडे, मग तो काटा आणि १२ यांच्या मधोमध दक्षिण. ही युक्ती युरोपात ठीक आहे, कारण तिथे सूर्य दुपारी कायम दक्षिणेला असतो. पुण्याचे अक्षांश साडेअठरा. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो! मेमध्ये सकाळी ९ वाजता ही युक्ती करून बघा, घड्याळ दक्षिण म्हणून चक्क आग्नेय दाखवेल. पन्नास अंशांहून जास्त घोळ. डिसेंबरात मात्र याच वेळी दहाएक अंशांच्या आत चूक राहते, तेव्हा सावनी, तुमच्या ट्रेकला ती कामचलाऊ आहे. फक्त आपल्या घड्याळात १२ वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर नसतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, पुणे ७४ च्या आसपास. खरी मध्यान्ह साडेबाराच्या आगेमागे.

याहून बरी काठीची सावली. सपाट जागेत काठी उभी रोवा, सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. वीसेक मिनिटांनी टोक सरकलेलं असेल, तिथे दुसरा खडा. पहिला खडा पश्चिम, दुसरा पूर्व. घड्याळ लागत नाही, आणि वीस मिनिटं एका जागी बसणं होतं हा वेगळाच फायदा.

सूर्य 'पूर्वेला' उगवतो तेही ढोबळ. डिसेंबरात तो पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे.

रात्रीचं उद्या लिहिते, डोळे मिटतायत.

---

दापोलीकर_काका | सोमवार, ०७:०५

सगळं शास्त्र मान्य. पण चकवा नावाची गोष्ट आहे की नाही? आमच्या वाडीत अनेकांनी अनुभवलाय. घराकडे निघालेला माणूस रात्रभर त्याच आंब्याभोवती फिरतो, पहाटे कोंबडा आरवला की भानावर येतो. आमची आजी सांगायची, चकवा लागलासा वाटला की मुकाट खाली बसायचं, तोंडावर पाणी मारायचं, देवाचं नाव घ्यायचं, मगच उठायचं.

---

खेकडाभजी | सोमवार, ०९:२०

काका, रात्रभर आंब्याभोवती फिरणाऱ्यांनी संध्याकाळी काय घेतलं होतं त्याची चौकशी झाली होती का? (हलके घ्या.)

---

चांदणचुरा | सोमवार, १३:१०

खेकडाभजी, हसू नका, काकांचं निरीक्षण पक्कं आहे. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत यान सौमन आणि सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले होते, २००९ साली प्रसिद्ध झाले. लोकांना जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियातल्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर बरे चालले. ढग आले, चंद्र मावळला, की लोक गोल फिरून आपल्याच वाटेवर परत यायचे आणि आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री असायची. डोळे बांधल्यावर तर कधीकधी २० मीटर व्यासाचं वर्तुळ! कायम डावीकडे किंवा कायम उजवीकडे असंही नाही. म्हणजे एक पाय आखूड वगैरे कारण नव्हे, आपण सरळ चाललोय की नाही याचा मेंदूचा अंदाजच हळूहळू ढळत जातो.

धुक्यात पठारावर हेच होतं. आजींचा उपाय अगदी बरोबर. बसायचं.

आता रात्रीचं. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर, हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्यात तर त्याहून थोडा खालीच. समोर डोंगर असला की गायब. शिवाय डिसेंबरातल्या संध्याकाळी सप्तर्षी उगवलेलेच नसतात, त्यातले क्रतु-पुलह हे दोन तारे धरून ध्रुव शोधायला मध्यरात्र उलटावी लागेल. तोवर उत्तरेला शर्मिष्ठा हा तारकासमूह बघा, तिच्याखाली ध्रुव.

त्यापेक्षा मृग नक्षत्र धरा. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे कुणालाही ओळखता येतात. त्यातला सगळ्यात आधी उगवणारा तारा खगोलीय विषुववृत्ताला (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातली रेघ) अगदी खेटून आहे, त्यामुळे तो जगात कुठेही जवळपास ठीक पूर्वेला उगवतो आणि ठीक पश्चिमेला मावळतो. डिसेंबरात अंधार पडून थोडा वेळ झाला की तो पूर्व क्षितिजावर हजर.

आणि चंद्र! तिथी माहीत असेल तर अर्धं काम झालं. शुक्ल पक्षात चंद्राची उजळ बाजू पश्चिमेकडे, कृष्ण पक्षात पूर्वेकडे. पौर्णिमेला सूर्य मावळता मावळता समोर चंद्र उगवतो ती पूर्व. घरी कालनिर्णय बघूनच निघा.

---

मोहफूल | सोमवार, १४:४५

घाटवाट्या भाऊ, तुमचं सगळं पटलं, पण धाग्याचं नाव सह्याद्री म्हणून गप बसलो होतो. महाराष्ट्र घाटमाथ्यावरच संपत नाही ना जी. आमच्या गडचिरोलीकडे जंगल सपाट. कडा नाही, सोंड नाही, चारी बाजूंना एकसारखा साग आणि बांबू, वीस पावलांपलीकडे दिसत नाही. तुमची 'वर चढा' ही युक्ती इथे कुठं लावू? इथे नाल्याचाच आधार. नाला मोठ्या नाल्याला मिळते, तो नदीला, आणि मधे कुठेतरी बैलगाडीची वाट आडवी जाते.

आमच्याकडची एक खूण सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायला लोक झाडाखालचा पालापाचोळा झाडून किंवा जाळून जमीन साफ करतात. जंगलात असं स्वच्छ वर्तुळ दिसलं की समजायचं, माणूस पहाटे इथे येते. तिथून गावाकडे पायवाट असतेच. बसून राहिलात तरी दुसऱ्या दिवशी पहाटे टोपली घेऊन कोणीतरी येईल. अस्वलालाही मोहफूल आवडते, तेवढं ध्यानात ठेवा.

आणि आमच्या जंगलात परवानगीशिवाय, गावातला माणूस सोबत न घेता शिरूच नका.

---

घाटवाट्या | सोमवार, २२:०२

मोहफूल भाऊ, शंभर टक्के मान्य. मोहाखालच्या वर्तुळाचं मला ठाऊक नव्हतं, झकास.

आता खेकडोबांच्या पुड्यांवर येतो. घाटात हरवतात ती माणसं बहुतेक वेळा वाट सोडून नव्हे, वाटेवर चालतच हरवतात. चुकीच्या वाटेवर. ऑक्टोबरात कारवीची झुडपं डोक्याच्या वर गेलेली असतात, समोरचं काही दिसत नाही, आणि आत ढोरवाटांचं जाळं. म्हणून वाट माणसांची की गुरांची हे ओळखायला शिकणं तारे ओळखण्यापेक्षा जास्त उपयोगी, असं माझं मत.

ढोरवाट पायाशी रुंद, छान मळलेली असते, पण छातीच्या उंचीला फांद्या तशाच आडव्या. गुरं खालून निघून जातात, तुम्हाला वाकावं लागतं. शेणाचे पो दिसतात. उतारावर ती आडवी आडवी, रमतगमत जाते आणि गवताच्या पट्टीत किंवा पाणवठ्यावर विरून जाते. माणसाच्या वाटेवर खांद्याच्या उंचीच्या फांद्या कोयत्याने तिरक्या छाटलेल्या असतात. जवळ जाऊन कापाचा रंग बघा. आत पांढरट-ओला असेल तर वाट चालू आहे, काळा पडून बाजूने फुटवे आले असतील तर यंदा कोणी फिरकलेलं नाही. कातळावर शेकडो वर्षांच्या पावलांनी घासून फिकट पट्टा पडतो, तिरप्या उन्हात तो लांबूनही दिसतो. खोदीव पायरी, पाण्याचं टाकं, शेंदूर फासलेला दगड, वीरगळ दिसली तर खात्रीची जुनी वाट. नाणेघाटात बघा ना, वाहत्या रहदारीची वाट होती म्हणून कातळात टाकी, लेणी सगळं आलं. आणि हो, विड्यांची थोटकं आणि पुड्या. पुडीचा रंग उडाला असेल तर जुनी, चकचकीत असेल तर याच हंगामातली.

सरपणाच्या वाटा मात्र फसव्या. गावातून मस्त निघतात, माणसांच्या सगळ्या खुणा असतात आणि रानात मधेच संपतात. अशा वाटेवर असाल तर ती उलटी धरा, गावात जाते.

वाट दाखवायला दगडावर दगड रचलेल्या लगोऱ्यांवर डोळे मिटून विसंबू नका. हल्ली फोटोसाठीही रचतात.

---

कांगारू_कुलकर्णी | मंगळवार, ०५:५०

ॲडलेडहून हजेरी. इथे सूर्य दुपारी उत्तरेला, त्यामुळे भारतातून आलेले पाहुणे पहिला आठवडा दिशांच्या नावाने गोंधळलेले असतात. घड्याळाची युक्तीही उलटी, १२ चा आकडा सूर्याकडे धरायचा. त्रिशंकू हा तारकासमूह मात्र डोक्यावर झकास दिसतो.

---

चांदणचुरा | मंगळवार, ०८:१५

त्रिशंकू आपल्याकडूनही दिसतो हो, मे महिन्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास, दक्षिणेला अगदी क्षितिजालगत. तो ताठ उभा दिसला की त्याच्या खाली दक्षिण.

---

दोरखंड | मंगळवार, ११:३०

मी डोंगरातल्या शोधकार्यात स्वयंसेवक म्हणून जातो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

दिशा शोधण्याच्या युक्त्या शिका, मजा येते. पण आम्हाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो हरवलेला माणूस चालत राहिल्यामुळे. तो दिसल्याची खबर मिळते त्या जागी आम्ही पोचतो, तोवर तो तिथून निघालेला असतो. गट असेल तर फुटू नका. 'मी पुढे जाऊन बघून येतो' म्हणणारा एकटा गेला की एकाऐवजी दोन शोध सुरू होतात.

उजेडाचा हिशेब आधी करा. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, पण घळीत आणि कड्याच्या सावलीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारतं. साडेचारला वाट सापडलेली नसेल तर शोधणं बंद करून रात्रीची जागा बघा. कड्याच्या काठापासून आत, ओढ्याच्या पात्राबाहेर. एक रात्र थंडीत काढणं त्रासाचं असतं, पण अंधारात कातळ उतरण्यापेक्षा पुष्कळ बरं.

रात्री पठाराच्या काठावरून कोकणातले दिवे दिसतात आणि अगदी जवळ वाटतात. मधे दोन-अडीच हजार फूट कडा असतो. त्या दिव्यांच्या रोखाने अंधारात एक पाऊलही टाकू नका.

शिट्टी गळ्यात हवी, बॅगेत नव्हे. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. ऐकणारा मिनिटाला तीन वेळा वाजवून उत्तर देतो. टॉर्चनेही हेच. ओरडून घसा अर्ध्या तासात बसतो. इशारा म्हणून धूर करायचा सल्ला व्हिडिओत असतो, आपल्याकडे तो विसरा. दिवाळीनंतर गवत वाळलेलं असतं, वणवा पेटायला वेळ लागत नाही, आणि कड्याला आग्यामोहोळ असेल तर धुराने माश्या उठतात.

फोन हातात असेल आणि कुठल्याही कंपनीची रेंज मिळत असेल तर ११२. आधी जागा सांगा, रडगाणं नंतर. आणि घरी निघण्याआधी कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार आणि किती वाजता फोन करणार हे कागदावर लिहून ठेवा. अर्धं शोधकार्य त्या कागदावर होतं.

---

दापोलीकर_काका | मंगळवार, १२:१०

दोरखंड साहेब, दंडवत. एक भर. वस्तीजवळ आल्यावर दिशा हवी असेल तर घरांवरच्या टीव्हीच्या छत्र्या बघा. आमच्या वाडीत सगळ्या एकाच बाजूला तोंड करून.

---

चांदणचुरा | मंगळवार, १२:४८

वा काका! हे बरोबर आहे. ते उपग्रह विषुववृत्तावर आणि आपल्या रेखांशाच्या पूर्वेला आहेत, म्हणून महाराष्ट्रात छत्र्यांची तोंडं साधारण आग्नेयेकडे. कंपनीप्रमाणे थोडी दक्षिणेकडे किंवा पूर्वेकडे सरकलेली, पण पश्चिमेकडे एकही नाही. शेवाळ्यापेक्षा हजारपट भरवशाचं.

---

सावनी_ठाणे | मंगळवार, २०:२५

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आणि सहकाऱ्याला धागा पाठवला. तो आता आमच्या इमारतीवरच्या छत्र्या मोजतोय.

आता नेमकं विचारते. आमचा बेत गुंजवण्यातून चोर दरवाजाने राजगड, रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरून तोरणा आणि वेल्ह्यात उतरायचं. यात चुकायच्या जागा कोणत्या? आणि वाटेत माणसं भेटतील का?

---

घाटवाट्या | मंगळवार, २२:४०

माणसं भेटतील, दोन किल्ल्यांमधल्या डोंगरधारेवर धनगरांची घरं आहेत. पण विचारायची पद्धत सांभाळा. 'ही वाट तोरण्याला जाते ना?' असं विचारलंत की पाहुण्याला नाही कसं म्हणायचं म्हणून 'जाते' हेच उत्तर येतं. 'तोरण्याला कुठून जायचं?' असं विचारा आणि त्यांना हात दाखवू द्या. 'हे काय, इथंच' याचा अर्थ त्यांची अर्ध्या तासाची चाल, तुमची दीड तासाची. पाणी मिळालं, ताक मिळालं तर पैसे द्या, घेत नाहीत म्हणाले तरी पोरांच्या हातावर ठेवा.

आता वाट. संजीवनी माचीच्या आळू दरवाजातून बाहेर पडलात की धार ढोबळमानाने पश्चिमेकडे जाते. डिसेंबरातली सकाळ म्हणजे ऊन पाठीमागून, डाव्या खांद्यावरून आलं पाहिजे. सकाळी ते तोंडावर यायला लागलं तर कुठल्यातरी बाजूच्या सोंडेवर घसरलात असं समजा. मधे एका खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. त्याच्या आधीचा उतार ही चुकायची पहिली जागा, कारण उतरताना सोंडा फुटतात. रस्ता ओलांडल्यावर पुन्हा धारेवर चढायचं. त्यापुढे मधेच रान लागतं, तिथे ढोरवाटा पुष्कळ. नियम एकच ठेवा, वाट धारेचा माथा सोडून बराच वेळ एकाच बाजूने खाली जायला लागली तर थांबा आणि मागे या.

तोरण्यावरचा बुधल्याचा सुळका लांबून ओळखू येतो. राजगडावरूनच, सकाळी निघण्याआधी, सगळ्यांना तो बोटाने दाखवून ठेवा आणि मधली धार डोळ्यांनी एकदा चालून घ्या. धुकं असेल तर ते विरेपर्यंत निघूच नका, भले नऊ वाजोत. मग मात्र वेल्ह्यात उतरेपर्यंत अंधार होईल असं धरून प्रत्येकाकडे टॉर्च हवा.

---

खेकडाभजी | मंगळवार, २२:५८

सावनीताई, राजगडावर रविवारी जत्रा असते. शनिवार-रविवार सोडून गेलात तर गर्दी कमी असेल, आणि पद्मावती तळ्याजवळची माकडं पिशव्यांची चेन उघडतात हेही लिहून ठेवा त्या कागदावर.